कावळ्यापुढं दिलेला शब्द

शब्द द्यावा तो आमदार लालासाहेबांनी. कुणी विहीर मागितली की "झालीच समजा" म्हणायचे, आणि ओढ्यावर पूल मागितला की "एकच कशाला, दोन बांधू" म्हणायचे. मागणारा खूश होऊन, चहा पिऊन घरी जायचा. पुढं विहिरीचा पत्ता नसायचा आणि पुलाचाही नसायचा. पण म्हणून साहेब लबाड होते, असं कुणी म्हणू नये. शब्द देताना त्यांचं मन खरंच भरून यायचं. त्या घडीला खिशातून पूल काढून देता आला असता तर त्यांनी तो दिलाही असता. जीपमध्ये बसून दार लागलं, की मात्र सगळं डोक्यातून उतरायचं. त्याला ते बिचारे काय करणार?

साहेबांचं घर कृष्णाकाठी, उसाच्या पट्ट्यात. मतदारसंघ मात्र वाळत घातलेल्या घोंगड्यासारखा लांबलचक. त्याचं एक टोक नदीच्या मळईत भिजलेलं आणि दुसरं पार कवठे महांकाळच्या बाजूला माळावर करपत पडलेलं. बाहत्तर साली साहेब पहिल्यांदा निवडून आले आणि त्याच साली दुष्काळानं कंबरडं मोडलं. त्या दुष्काळात साहेब राबले, हे विरोधकसुद्धा कबूल करायचे. खडी फोडायच्या कामावर जाऊन ते लोकांत बसायचे, त्यांच्याबरोबर दुष्काळी मदतीची सुकडी खायचे, आणि उठताना शब्द देऊन उठायचे. मग पाऊस पडला, लोक आपापल्या शेतात गेले आणि शब्द होते तिथंच राहिले.

त्यांच्या पत्नी विजयमालाबाई मोठ्या फटकळ. "तुम्ही दिलेले शब्द रचले असते, तर आपल्या घरावर आणखी एक मजला चढला असता," असं त्या जेवायला वाढता वाढता म्हणायच्या.

"अगं, माणूस आमदाराकडं काय न्यायला येतो? शब्दच न्यायला येतो," साहेब हसून म्हणायचे आणि आणखी आमटी मागायचे.

असं सगळं सुखात चाललं असताना, सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात टेकवाडीचा तात्याबा धनगर वारला.

टेकवाडी म्हणजे माळावरची मेंढपाळांची वस्ती. हमरस्ता सोडून कच्च्या वाटेनं लांब जायचं, मग एक ओढा ओलांडायचा, मग टेकाड चढायचं, तेव्हा कुठं वाडी दिसणार. तात्याबा तिथला जुना, मानाचा माणूस. आसपासच्या वाड्यावस्त्यांत त्याचा शब्द चालायचा, आणि विधानसभेची निवडणूक तर पुढच्या हिवाळ्यावर आलेली. साहेबांनी आपला जीपचालक आणि उजवा हात असलेल्या नाथाजीला सांगितलं, "नाथा, म्हाताऱ्याच्या दहाव्याला गेलंच पायजे. चार शब्द बोलू आन् माघारी येऊ."

त्या चार शब्दांनीच पुढं त्यांना नाकी नऊ आणले.

ओढ्याकाठी सगळी पंचक्रोशी जमली होती. तात्याबाच्या दोन्ही पोरांनी, थोरल्या सिद्धूनं आणि धाकट्या अर्जुनानं, डोकी भादरून पिंड मांडले होते. शेजारी म्हाताऱ्याच्या आवडीची बाजरीची भाकरी, गूळ आणि तंबाखूची चिमूट ठेवली होती. तात्याबाची बायको भामाबाई थोडी लांब एका दगडावर बसली होती. गुडघ्यांनी कधीच दगा दिलेला, त्यामुळं सुनांनी तिला धरूनच आणली होती. नवऱ्याची मेंढरं हाकायची उंच काठी तिनं दोन्ही हातांनी घट्ट उभी धरली होती, आणि ते बघून बायकांचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते.

साहेबांचं श्रद्धांजलीचं भाषण झालं. चांगलं झालं. लोक माना डोलावत बाजूला सरले आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले.

कावळा होता. समोरच्या बाभळीवरच बसला होता, एका पायानं जरा अधू असा. पण तो काही खाली उतरेना.

"आबा, मेंढरं इकणार न्हाई," सिद्धूनं हात जोडून शब्द दिला. कावळ्यानं फांदीवर चोच घासली.

"आबा, आमी भावभाव भांडणार न्हाई," अर्जुना म्हणाला. "वाडगं वाटून घेणार न्हाई." वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची मोकळी जागा. त्या जागेवरून दोघा भावांचं बापाच्या देखतच जुंपायचं. कावळ्यानं त्यांच्याकडं पाठ फिरवली.

मग एकेक पाहुणा पुढं आला. कुणी जत्रेत बकरं कबूल केलं, कुणी नातीचं लग्न लावून द्यायचं कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं, वाळू पायाला चटके देऊ लागली. विधी सांगणारे काका म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववून टाकू का?" तर म्हातारी माणसं खवळली. तात्याबासारख्या माणसाला गवताचा कावळा? लोक तोंडात शेण घालतील.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचा जीव यष्टीत आडकलाय."

गर्दीत एकदम कुजबुज उठली. बरोबर! बाहत्तर सालच्या प्रचारात आमदारांनी तात्याबाच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं होतं की पुढच्या दिवाळीला यष्टी तुमच्या दारातून सुटंल. तेव्हापासून म्हातारा रोज तिन्हीसांजेला टेकाडावर उभा राहून लांब हमरस्त्याकडं बघत असायचा. सगळ्या वाडीनं बघितलं होतं ते. एकेक करत सगळी डोकी साहेबांकडं वळली. साहेबांनी मागं वळून बघितलं, तर मागं जीपशिवाय कुणीच नव्हतं.

साहेब पुढं झाले, खाकरले. "कैलासवासी तात्याबांची एसटीची मागणी अत्यंत रास्त आहे. सदर प्रश्न मी शासनदरबारी..."

कावळा वरच्या फांदीवर गेला.

"...मांडून, प्रयत्नांची पराकाष्ठा करण्याची ग्वाही..."

कावळा उडाला आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसला.

"आवं सायेब, लांब चाललाय त्यो!" एक म्हातारा ओरडला. "जरा नीट बोला की."

नाथाजी कानाशी लागला, "सायेब, कवा ते सांगा. कावळं बी आता हुशार झाल्यात."

साहेबांना घाम फुटला. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, आणि त्यांची नजर भामाबाईवर पडली. म्हातारी काठी धरून त्यांच्याकडंच टक लावून बघत होती. आणि साहेबांना एकदम दुष्काळातली एक दुपार आठवली. ह्याच टेकाडावर उन्हानं त्यांना भोवळ आली होती, तेव्हा तात्याबानं त्यांना सावलीत आडवं केलं होतं आणि आपल्या वाटणीचं ताक त्यांना पाजलं होतं. घरात दुसरं ताक नव्हतं. ते ताक पिऊन आपण काय म्हणालो होतो? "यष्टी आलीच समजा, तात्याबा." साहेबांना लाज वाटली. लोकांसमोर वाटते ती नव्हे, आतून येऊन कानशिलं तापवते ती.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पायातल्या चपला काढल्या आणि पिंडांपुढं वाकून ते साध्या आवाजात बोलले.

"तात्याबा, चुकलो. तुमचं ताक प्यालो, शब्द दिला आन् इसरून गेलो. आता इलेक्शनच्या आत यष्टी वाडीत आणतो. न्हाई आणली, तर कुणाच्याच दारात मत मागाया जाणार न्हाई. उभाच ऱ्हाणार न्हाई."

मागं नाथाजीनं कपाळावर हात मारून घेतला.

भामाबाईनं हातातली काठी हळूच वाळूत आडवी ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. बाया हुंदके देऊ लागल्या. आणि त्याच वेळी कावळा बाभळीवरून सुटला तो थेट पिंडावर! एकच गलका झाला, "शिवला! शिवला!" कुणी साहेबांच्या पाठीवर थाप मारली, कुणी पाया पडलं. साहेब मात्र टोपी हातात धरून तसेच उभे होते.

घरी आल्यावर विजयमालाबाईंनी सगळी हकीकत ऐकली. आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "माणसांना दिलेला शब्द तुम्हाला पचतो हो. हा पचायचा नाही."

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. साहेबांचे जुने विरोधक कृष्णातराव वकील चहाच्या दुकानात मांडी ठोकून म्हणाले, "आता आम्ही सभा कशाला घ्यायच्या? यंदा आमचा प्रचार कावळेच करणार." लोक हसले. आणि खरी पंचाईत पुढंच होती. मतदारसंघात कुणाचाही दहावा असला आणि कावळ्यानं जरा उशीर केला, की लोक साहेबांची जीप आली का बघायचे. विट्याच्या बाजूला राहीबाई नावाची एक म्हातारी गेली. तिच्या दहाव्याला कावळा खोळंबला, तशी गावातली चार पैलवान पोरं पुढं सरसावली. "सायेब, म्हातारीची लय इच्छा हुती. तालमीवर पत्रं पायजेल हुतं."

"म्हातारीला तालीम कशाला रं?"

"जाता जाता बोलली, सायेब."

एरवी साहेबांनी तालीमच काय, आखाडासुद्धा सिमेंटचा करून दिला असता. पण आता त्यांची जीभ वळेना. ते पिंडाकडं बघून म्हणाले, "राहीबाई, तालमीचं ह्या साली जमणार न्हाई. खोटं सांगत न्हाई." आणि कावळा येऊन शिवला की! पैलवानांची तोंडं बघण्यासारखी झाली. साहेब जीपमध्ये बसले आणि नाथाजीला म्हणाले, "नाथा, 'न्हाई' म्हणलं तरी चालतंय गड्या. मला कुणी कधी सांगितलंच न्हाई."

"तसं करू नगासा, सायेब," नाथाजी काकुळतीला आला. "शबूद द्याचं सोडलं तर आपलं राजकारण चालंल कसं?"

पण एसटीचं काय? घोडं पेंड खात होतं ते ओढ्यात. दुष्काळी कामात टेकवाडीचा रस्ता ओढ्यापर्यंत होऊन थांबला होता. ओढ्यावर दगडी फरशी, म्हणजे बुटका पूल, घातल्याशिवाय गाडी पलीकडं जाणार नव्हती. साहेब फरशीसाठी सांगलीला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागले. तिथं त्यांना काय ऐकायला मिळालं? एक अधिकारी म्हणाले, "तत्त्वतः मान्य आहे." दुसरे म्हणाले, "लक्ष घालतो." तिसऱ्यांनी तर साहेबांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "लालासाहेब, झालीच समजा." हे वाक्य त्यांचं होतं. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी सवयीनं खिडकीबाहेर बघितलं, पण बाहेरच्या लिंबावर एकही कावळा नव्हता.

मग त्यांनी एकच केलं, उठायचं नाही असं ठरवलं. सकाळी कचेरीत जायचे आणि "फरशी कवापर्यंत?" एवढंच विचारून समोरच्या बाकावर बसून राहायचे. ना भाषण, ना धमकी. आमदार दारात बसलेला बघून शिपाई अवघडायचे, साहेबलोक मागच्या दारानं जाऊ लागले. शेवटी फरशीचा हुकूम निघाला. माळावरचा पाऊस तो केवढा? चार सरी येऊन गेल्या आणि गौरी-गणपतीच्या आत फरशी बांधून झाली. टेकवाडीच्या बाया-माणसांनी दगड वाहिले, आणि साहेबांनीही दोन दिवस वाहिले. तिसऱ्या दिवशी पाठ धरली म्हणून विजयमालाबाईंनी शेक दिला.

आता डेपोचा माणूस रस्ता बघायला आला. फरशी बघितली, चढ बघितला, मान डोलावली. वाडीत उभं राहून त्यानं चारी बाजूंना नजर टाकली आणि म्हणाला, "आमदारसाहेब, गाडी येईल. पण वळवायची कुठं? का उलटी उलटी हमरस्त्यापर्यंत न्यायची?"

सगळीकडं दगड, बांध आणि घरं. सपाट, मोकळी अशी एकच जागा, ती म्हणजे तात्याबाचं वाडगं. त्यातलं अर्धं सिद्धूच्या ताब्यात, अर्धं अर्जुनाच्या. दोघांच्या मधोमध नवंकोरं काट्याचं कुंपण.

"आरं, तुमी तर बापाला शबूद दिलता," साहेब म्हणाले. "वाडगं वाटून घेणार न्हाई म्हणून."

"दिलता की," अर्जुना म्हणाला. "पर कावळ्यानं कुठं घेतला? आमी बोललो तवा त्यानं पाठ फिरवली. तुमचा शबूद घेतला, तुमी पाळा. आमचा घेतलाच न्हाई, मंग आमी कशापायी पाळायचा?"

साहेबांनी आजवर कितीतरी वकिलांची तोंडं बंद केली होती, पण असा मुद्दा एकाही वकिलानं काढला नव्हता. सिद्धूनंही मान हलवली. एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघा भावांचं एकमत होतं. भामाबाई दारात काठी टेकून सगळं ऐकत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "म्हाळाचं दिस आल्यात. बघू."

त्या रात्री साहेबांना जेवण गेलं नाही. दिवाळी झाली की निवडणुकीचे वारे वाहणार. एसटी आली नाही तर उमेदवारी मागायची नाही, असं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. नाथाजीनं सुचवून बघितलं की कावळ्याला काय आठवतंय. साहेब म्हणाले, "कावळ्याला आठवत नसंल रं. मला आठवतंय न्हवं." आणि हे आपण बोललो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. आमदारकी गेली तर ऊस होता, घर होतं, पोटाला कमी पडणार नव्हतं. पण माळावरच्या ह्या वाड्यांतून जीपमागं धावणारी माणसं, "सायेब, ताक पिऊन जावा" म्हणणाऱ्या बाया, हे सगळं सुटणार होतं. त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

पितृपंधरवड्यात तात्याबाचा म्हाळ झाला. साहेबांना जाता आलं नाही, पण नाथाजी जाऊन आला आणि जीपमधून उतरतानाच नाचत उतरला. "सायेब, वाडगं मिळालं!"

झालं होतं असं की, कावळ्यासाठी पत्र्यावर ताट ठेवलं आणि कावळा येईना. लिंबावर बसलाय, बघतोय, पण येईना. भामाबाई नवऱ्याची काठी टेकून दारात उभी. भुकेल्या पाहुण्यांची पोटं कोकलायला लागली, कारण कावळा जेवल्याबिगर माणसांनी कसं जेवायचं? आतून मटणाचा वास सुटलेला. शेवटी पाहुण्यांनीच दोघा भावांना धरलं. सिद्धू म्हणाला, "आबा, माझी बाजू सोडली." कावळा हलला नाही. मग अर्जुना रडकुंडीला येऊन म्हणाला, "माझी बी सोडली. यष्टी वळू द्या." तशी म्हातारी "माझ्या पाठीत कळ आली" म्हणून काठी टाकून खाली बसली, आणि कावळा ताटावर आला. पाहुण्यांनी तिथंच काट्याचं कुंपण उपटून चुलीत घातलं.

"तात्याबा लय जागा माणूस," साहेब गहिवरून म्हणाले.

जानेवारीच्या एका सकाळी एसटी टेकवाडीला निघाली. लाल गाडीच्या तोंडावर साहेबांनी आपल्या रानातले ऊस बांधले होते, आंब्याचे डहाळे लावले होते. साहेब स्वतः तिकीट काढून पहिल्या बाकावर बसले. गाडीनं फरशी ओलांडली, चढ चढला, आणि टेकाडावर गजी ढोल सुरू झाले. धनगरांनी भंडारा उधळला तो इतका, की गाडी लालची पिवळी झाली आणि साहेबांची टोपीही. पोरं गाडीमागं पळत होती, मेंढरं बिचकून चौखूर उधळली होती. गाडी वाडग्यात गेली, गर्रकन वळली आणि तोंड हमरस्त्याकडं करून उभी राहिली. तेव्हा साहेबांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. शब्द पाळल्यावर माणसाला इतकं हलकं वाटतं, हे त्यांना पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले. लोक ढोलाभोवती जमले. साहेब भामाबाईच्या दारात गेले. म्हातारी नवं लुगडं नेसून, गठुडं बांधून तयार बसली होती. समोर भुईमुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या आणि हातात तीच काठी.

"काकी, आता तात्याबाचा जीव शांत झाला आसंल," साहेब म्हणाले.

"त्यांचा शांतच हुता," भामाबाई म्हणाली. मग वर बघून तिनं हाक मारली, "ये रं आमदारा!"

"आलोय की, काकी."

"तुमास्नी न्हवं." लिंबावर एका पायानं अधू असा कावळा बसला होता. "ह्येला. वरडतो लय आन् खायाच्या वक्ताला हजर, म्हनून आमदार म्हनते."

कावळा शेंगांकडं बघत होता, पण हलत नव्हता. भामाबाईनं काठी जमिनीवर आडवी ठेवली. कावळा भुर्रकन खाली आला. तिनं त्याला भाकरीचा तुकडा टाकला. काठी पुन्हा उचलली, तसा तो लिंबावर गेला. काठी ठेवली, खाली आला.

"शेंगा राखत बसते न्हवं म्या. काठी हातात आसली की फुडं याचं न्हाई, ह्ये त्येला ठावं हाय."

साहेबांच्या डोळ्यांपुढं ओढ्याकाठची काठी उभी राहिली. मग म्हाळाची. ते तिथंच उंबऱ्यावर बसले.

"म्हंजी तात्याबा यष्टीसाठी अडलाच नव्हता?"

"त्ये कशाला अडतील? जल्मभर मेंढरामागं चालत गेलं. यष्टीत बसा म्हनलं आसतं तर पळून गेलं आसतं."

"आन् रोज टेकाडावर उभं ऱ्हाऊन हमरस्त्याकडं बघायचं ते?"

"मेंढरं बघायचं. लोकास्नी वाटायचं यष्टी बघतंय." भामाबाईनं गठुड्याची गाठ आवळली. "यष्टी मला पायजे हुती. माझी बनाबाई विट्याच्या पल्याड दिलीया. जावई लांब मुलखात सोनं गाळायच्या दुकानावर, पोर एकटी सासू-सासरा, गुरंढोरं सांभाळती. तिला येता येत न्हाई आन् माझं गुडघं हमरस्त्यापातूर जात न्हाईत. तिच्या पोरीचं त्वांड बघितलं न्हाई म्या अजून. पोरास्नी म्हनलं तर 'बघू की, आये'. तुमास्नी म्हनलं तर 'झालीच समजा'. मंग म्या काय करू?"

साहेबांना आधी राग आला. आठ महिने झोप नाही, कचेऱ्यांचे बाक झिजवले, पाठ मोडून घेतली, आणि ते सगळं एका म्हातारीच्या काठीपायी! ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांना कृष्णातराव वकील आठवले, तालमीचे पैलवान आठवले, म्हाळाला भुकेनं कळवळलेले पाहुणे आठवले. आणि आमदार लालासाहेब उंबऱ्यावर बसून पोट धरधरून हसले.

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "पर काकी, मी पयल्यांदा बोललो तवाच काठी का न्हाई ठेवलीस?"

"तवा तुमी भाषन करत हुतासा."

"आन् मग?"

"मग टोपी काढलीसा. तुमचं त्वांड बघितलं म्या. म्हनलं, ह्यो गडी आता खरं बोलतोय, आता काठी ठिवाय हरकत न्हाई." म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "कावळ्याला काय कळतंय, सायेब? त्यो भाकरीचा धनी. तुमास्नी वळखलं ते म्या."

आजवर साहेबांना हार मिळाले होते, फेटे मिळाले होते, पण असं कुणी काही दिलं नव्हतं. त्यांनी म्हातारीचं गठुडं उचललं, तिला धरून गाडीपर्यंत नेलं आणि खिडकीजवळ बसवलं. काठी आत उभी मावेना, तेव्हा तिनं ती खिडकीतून बाहेर काढून उभी धरली.

ढोल थांबले. लोक साहेबांभोवती गोळा झाले. आता मत मागायचा त्यांना अधिकार होता, आणि लोक ऐकायला उत्सुक होते. तेवढ्यात सिद्धू पुढं झाला. "सायेब, यष्टी झाली. आता वाडीत लाइट कवा?"

"लाइट?" साहेबांचा हात आपोआप सिद्धूच्या खांद्यावर गेला. "अरे, झालीच..."

खिडकीतली काठी त्यांना दिसली. ते थांबले. सगळी वाडी लिंबाकडं बघू लागली, कावळा कुठं आहे म्हणून. साहेब मात्र खिडकीकडंच बघत होते. त्यांनी पिवळी झालेली टोपी डोक्यावरून काढली.

"लाइट कवा यील ते मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "निवडून आलो तर जोवर पैला खांब रवत न्हाई तोवर कचेरीच्या बाकावरनं उठणार न्हाई. त्या बाकाची आता मला सवय झालीया. पटत आसंल तर मत द्या."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाथाजीनं डोळे मिटून घेतले. एवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली, गाडी घरघरली, वाडग्यातून हलली आणि साहेबांच्या अगदी जवळून पुढं गेली. जाताना खिडकीतली काठी हळूच तिरकी झाली आणि आत जाऊन दिसेनाशी झाली.

"शिवला," साहेब पुटपुटले.

"काय म्हनलासा, सायेब?" नाथाजीनं विचारलं.

"काय न्हाई रं. जीप काढ. म्होरच्या वाडीला जाऊ."